सक्करदऱ्यात बुडवलेली सुई

"घ्या श्वास... अन् सोडा सक्कर! सक्करदऱ्यात आले, सक्कर इथंच सोडून जा!"

महाराजांच्या या हाकेसरशी नागपूरच्या सक्करदरा तलावाकाठची सहाशे-सातशे माणसं एकदम कमरेत वाकत. १९७३ सालचा डिसेंबर. पाण्यावर धुकं. गल्ल्यावर बसून पोट सुटलेले सीताबर्डीचे दुकानदार, मफलर बांधलेले पेन्शनर, स्वेटरवर पदर खोचलेल्या बाया, सगळे सूर्यनमस्कार घालत होते. मंचावर पर्णयोगी महाराज. स्वतःचं वय पासष्ट सांगत. दिसत पंचेचाळिसाचे, आणि माझ्या अंदाजाने होतेही तेवढेच.

"बारा वर्षं झाली, अन्नाचा कण पोटात नाही!" महाराज गरजले. "नुसता पाला! बकरी पाला खाते, तिले कधी शुगर झाली? हत्ती पाला खाते, त्याची ताकद पाहा!"

"पण महाराज, हत्ती तर जाडाच राह्यते ना!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. महाराजही हसले. ते चिडत नसत, हा त्यांचा मोठा गुण होता.

नमस्कार संपले की कडुनिंब, कारलं, मेथी आणि बेल यांचा हिरवा रस वाटला जाई. त्यानंतर चमत्कार. रोग्याने घरून आणलेल्या लघवीचे आठ थेंब महाराज काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात टाकत आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. पहिल्या दिवशी ते पाणी विटकरी लाल होई. म्हणजे साखर भरपूर. एकविसाव्या दिवशी त्याच माणसाचं पाणी निळंच्या निळं राही. म्हणजे साखर गेली. मग जयजयकार होई, आणि जे सुई घेत असत त्यांची इंजेक्शनची पिचकारी सुईसकट तलावात सोडली जाई. याला 'सुई-विसर्जन' म्हणत.

मी तेव्हा एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. या गर्दीत मी गेले ते शेजारच्या गोपिकेमुळे.

गोपिका सोळा वर्षांची. पन्नाशीत होतो तो मधुमेह तिला नव्हता. लहानपणी होणारा, ज्यात शरीर इन्सुलिन करणंच सोडून देतं, तो तिला बाराव्या वर्षी झाला होता. तिची आई प्रयागकाकू शाळेत चौथीपर्यंत गेलेली, पण डॉक्टरांनी सांगितलेलं तिने अचूक धरलं होतं. सकाळी पिचकारी उकळायची. टोचायचं. मग दोघी मायलेकी तलावाला एक फेरी मारायच्या. जेवायला मोजकी ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी किंवा चवळीची भाजी, गोड नाही. ज्या दिवशी शाळेत खो-खो असेल त्या दिवशी अर्धी भाकर जास्त. काकू म्हणायच्या, "खाणं, चालणं अन् सुई. चुलीचे तीन धोंडे आहे हे. एक काढला का वरचा भाताचा गंज उलटलाच समज." अशी चार वर्षं गोपिका हसतखेळत जगली.

तिचे वडील चंद्रभानकाका मात्र या सुईने खचले होते. जुने पहिलवान. सायकलचं दुकान सांभाळून अजून रोज आखाड्यात दोनशे बैठका मारत. मेहनतीने सुधरत नाही असं शरीरच नाही, यावर त्यांची श्रद्धा होती.

"पहिलवानाची पोरगी अन् सुईवर जगते!" ते मला म्हणाले होते. "उद्या हिले कोण करीन, चारू? लोक सुई पाहाले येतीन, का पोरगी?"

त्यांनी गोपिकेला शिबिरात घातलं. पहिल्या दिवशी तिची नळी लालभडक झाली. महाराजांनी इन्सुलिन निम्मं करायला सांगितलं, भाकर-वरण बंद केलं, आणि घरी रोज तपासायला निळ्या पाण्याची एक बाटली प्रसाद म्हणून दिली. तिसऱ्याच दिवशी घरची नळी निळी राहिली. काकांनी गल्लीत पेढे वाटले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या शिबिरात पुष्कळांना खरंच बरं वाटत होतं. तळलेलं बंद, भाजी भरपूर, रोज तासभर व्यायाम. पन्नाशीच्या जाड दुकानदाराची साखर यानेही उतरते. डॉक्टर हेच सांगतात, पण त्यांच्या दवाखान्यात माईक नसतो. महाराजांचं निम्मं म्हणणं खरं होतं, आणि लोक त्या निम्म्याकडे बोट दाखवून उरलेलं गिळत होते.

सतरा-अठरा दिवसांनी मी गोपिकेकडे गेले. ती खाटेवर बसून तांब्याने पाणी पीत होती. गालफडं बसलेली. मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती.

"किती वाळलीस गं!" मी म्हणाले.

"चरबी झडून राहिली, ताई," ती म्हणाली. "महाराज म्हणते, विष बाहेर पडून राहिलं. रात्रीतून आठ वेळा उठतो मी. लई विष दिसते माह्यात."

काकू मला ओढून मोरीपाशी घेऊन गेल्या. "पाह्य वं, चारू. नळी तर रोज निळी येते. मंग ह्या मुंग्या काहून येऊन राहिल्या?"

गोपिका रात्री लघवीला जाई त्या मोरीच्या कडेने काळ्या मुंग्यांची जाड रांग लागली होती. मुंग्यांनी महाराजांचा उपदेश ऐकलेला नव्हता.

मी बाटलीतलं थोडं निळं पाणी कॉलेजात नेलं. लघवीतली साखर ओळखण्याच्या द्रावणात दोन मुख्य गोष्टी असतात: मोरचूद आणि सोडा. निळा रंग मोरचुदाचा. पण सोड्याशिवाय ते मोरचूद साखरेला ओळखतच नाही. कितीही उकळा, निळंच राहतं. सोडा असलेल्या पाण्याने हळद लाल होते. मी हळदीने माखलेल्या कागदावर कॉलेजच्या द्रावणाचा थेंब टाकला. डाग लाल झाला. महाराजांच्या पाण्याचा टाकला. हळद पिवळीच राहिली. मग त्या पाण्यात ग्लुकोजची भुकटी चमचाभर घातली आणि पाच मिनिटं उकळलं. निळं!

म्हणजे पहिल्या दिवशी मंचावरचं द्रावण खरं असे. घरच्या बाटलीत आणि एकविसाव्या दिवसाच्या नळीत मात्र नुसतं मोरचुदाचं पाणी. आपल्याकडे संत्र्याच्या झाडांवर चुन्यात कालवून फवारतात, तेच. हातचलाखीसुद्धा लागत नव्हती. दोन सारख्या दिसणाऱ्या बाटल्या पुरे होत्या.

मी संध्याकाळी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एकविसाव्या दिवशी सगळ्यांसमोर बोल. खरं असन तर तिथं दाखव."

मी कबूल केलं. डोक्यात साधा बेत होता: गोपिकेचाच नमुना, निम्मा महाराजांच्या बाटलीत आणि निम्मा माझ्या.

एकविसाव्या दिवशी गोपिका वडिलांच्या आधाराने मंचावर चढली. नळी उकळली. निळी! टाळ्या पडल्या. मी माझी बाटली घेऊन पुढे झाले.

"थांबा! उरलेला नमुना मला द्या. माझ्या द्रावणात तपासून दाखवते."

महाराजांनी शांतपणे शिष्याकडे पाहिलं, आणि त्याने उरलेलं सगळं मातीत ओतून टाकलं.

"गोपिका पुन्हा नमुना देईल," मी म्हणाले.

"बाप्पा!" महाराजांनी माईक जवळ घेतला. "तरण्या पोरीले सातशे माणसांत पुन्हा लघवी मांगून राहिली ही! शिकलेली आहे म्हणते!"

लोक हसले. गोपिकेने मान खाली घातली. काका कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "नाही. पुन्हा नाही," ते म्हणाले.

माझ्या हातात बाटली होती आणि तीत टाकायला काही नव्हतं. मी घाईने म्हणाले, "मग नुसती साखर टाकून बघा! महाराजांच्या पाण्यात साखर टाकली तरी ते निळंच राहील. माझ्या पाण्यात टाका, लाल होईल!"

हे वाक्य तोंडातून सुटलं आणि त्याच क्षणी मला कळलं की मी काय बोलले. पण महाराजांनाही ते कळलं होतं. बाटल्यांचं काम करणाऱ्या माणसाला एवढी रसायनं येतच असणार.

"सक्कर ना? मंजूर! रुपराव, त्या चहावाल्याजवळून सक्कर आण गा!"

"ती नव्हे!" मी ओरडले. "ग्लुकोज! चहातली साखर वेगळी, लघवीतली वेगळी!"

"आता तर साखर म्हणे!" गर्दीतून एकजण.

"साखरेतही जाती आल्या का वं, मास्तरीणबाई?" दुसरा.

"बामणाची सक्कर अन् कुणब्याची सक्कर!" तिसरा. हास्याचा लोट उसळला.

मराठीत दोघींना एकच नाव आहे. चहात घालतो ती उसाची साखर आणि मधुमेहात लघवीतून जाते ती द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज; या द्रावणाला फक्त दुसरी कळते. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी दर जुलैत हेच शिकवत असे, आणि त्या दर वर्षी चुकत. रुपरावाने माझ्या द्रावणात चहावाल्याची साखर टाकली आणि दिव्यावर धरली. मला ठाऊक होतं ते झालं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. निळं. महाराजांच्या नळीत टाकली. निळं.

"पाहा! दोन्ही सारख्याच!" महाराज म्हणाले. "मंग खोटी कोणाची?"

तलावाच्या वाटेवर संत्र्यांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. एक संत्रं माझ्या नळीत पिळलं असतं तरी ती विटकरी झाली असती. संत्र्यात ती दुसरी साखर भरपूर असते. पण ते मला संध्याकाळी सुचलं. त्या वेळी मी सीताबर्डीच्या औषधाच्या दुकानाकडे सायकल मारत सुटले होते. ग्लुकोजची पुडी घेऊन परत आले तेव्हा मांडव रिकामा होता आणि गोपिकेची पिचकारी पाण्यात गेली होती.

मी पुडी घेऊन त्यांच्या घरी गेले. काका दारातच उभे राहिले.

"तुले एक संधी देल्ली होती, चारू. सगळ्यांसमोर देल्ली होती."

"काकाजी, फक्त पाच मिनिटं. नाहीतर मला काही दाखवू देऊ नका, पण तिला सुई द्या. मी नवी पिचकारी आणते."

"पहिल्यांदा पोरीची लाज काढली. आता पुन्हा सुई लावतो म्हणतं? जाय घरी."

आतून काकूंचं रडणं ऐकू येत होतं. दार लागलं. मी त्या रात्री इस्पितळात जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, बापाने आणल्याशिवाय मी काय करू? दुसऱ्या दिवशी दाराला आतून कडी होती.

तिसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीपलीकडून मला हाक मारली. गोपिका ओकत होती. धाप लागल्यासारखा तिचा श्वास खोल खोल चालला होता, आणि त्याला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. इन्सुलिन नसलं की शरीर स्वतःची चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साचतं. हा वास त्याचा. काका आधी महाराजांकडे धावले. "शुद्धीचा ताप आहे, रस वाढवा," असा निरोप घेऊन ते परतले, तोवर आम्ही दोघींनी तिला रिक्षात घातलं होतं. डॉक्टरांनी रात्रभर प्रयत्न केले. चौथ्या दिवशी सकाळी गोपिका गेली.

तेरा दिवस झाल्यावर चंद्रभानकाका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. दाढी वाढलेली. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मले करून दाखव," ते म्हणाले.

मी तीन नळ्या मांडल्या. महाराजांचं पाणी आणि ग्लुकोज: निळं. माझं द्रावण आणि ग्लुकोज: आधी हिरवं, मग पिवळं, मग विटेच्या चुऱ्यासारखं लाल. माझं द्रावण आणि चहाची साखर: निळं. काका तिसऱ्या नळीकडे सगळ्यात जास्त वेळ पाहत राहिले.

"हे तुले ठाऊक होतं?"

"होतं, काकाजी."

"मंग त्या दिवशी साखर काहून म्हटलं तू?"

मी दिवा विझवला. काका निघून गेले. पोलिसांत द्यायला मी लिहिलेल्या अर्जावर त्यांनी सही केली नाही. अर्जाशिवाय पोलीस हलले नाहीत. महाराजांचं पुढचं शिबिर कळमेश्वरला लागलं, आणि तिथे इथल्या दुप्पट गर्दी झाली. मी ग्लुकोज घेऊन तिथेही गेले. मी तोंड उघडण्याआधीच एकजण म्हणाला, "आली, सक्करवाली बाई आली!" माझी गोष्ट विनोद होऊन माझ्याआधी पोचली होती.

तरी लिहिते. सूर्यनमस्कार घाला, पायी चाला, ज्वारी खा, भाज्या खा. रोजच्या संसारात हे जमतं. काकूंनी चार वर्षं जमवलं होतं, आणि त्याला कोणा महाराजाचा आशीर्वाद लागला नव्हता. पण पाला खाऊन आणि दंड काढून औषध सुटतं असं कोणी सांगितलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. आणि तो एखादी परीक्षा दाखवत असेल, तर ती कोणाला नापासही करते का, ते आधी दाखवायला सांगा. त्याच बाटलीत, तुमच्या हाताने, ग्लुकोज टाका. साखर म्हणू नका; ग्लुकोज म्हणा. आजारी माणसालाही पास करणारी बाटली त्याच्या जिवावर उठलेली असते.

हे वाचून उद्या अशा शिबिराला जाणारी एक तरी गाडी रिकामी जाईल असं मला वाटत नाही. तरीही, "यात ग्लुकोज टाकू का?" एवढं विचारा.