सासूने ओलांडलेला उंबरठा

मला आठवा महिना लागला तेव्हा आमच्या त्रिकुटातल्या दोघांनी माझ्या जागी दुसरी गायिका घेतली, आणि वर बाळासाठी लोकरीचे मोजे पाठवले. मोजे उबदार आहेत. माझा मुलगा तोउको ते घालतो आणि मी त्यांच्याकडे बघून दात खाते.

फिनलंडमधल्या आमच्या गावच्या उन्हाळी लोकसंगीत महोत्सवात पहिल्या शनिवारी एक जागा रिकामी होती. महोत्सव चालवणारी ऐनिक्की मार्चमध्ये जुन्या अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये स्थानिक गायकांना ऐकणार होती. ती जागा मला हवी होती. ती मिळाली नाही तर मी कायमची "पूर्वी गायची ती" होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. साथीदार नव्हते, म्हणून ठरवलं, त्या दोघांचं काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं. तो निदान सिगारेट तरी ओढत नाही.

"नक्की काय करणार तो?" सासूने, हिल्काने, विचारलं. तोउको झाल्यापासून घरात सगळे तिला मुम्मोच म्हणतात; आजी झाल्यावर नाव राहतंय कुठे!

"मी एक ओळ गाते, मुम्मो. तो ती पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. त्यावर मी दुसरी गाते, मग तीही फिरत राहते."

"म्हणजे तुझ्या सासऱ्यासारखंच. एकच गोष्ट, आयुष्यभर."

"हो, पण हे बंद करता येतं."

हे वाक्य मी किती विश्वासाने बोलले होते!

वाद्यांच्या दुकानातल्या रैमोने तरुणपणी कंबरेपर्यंत केस वाढवून कर्कश गिटार वाजवली होती. आता केस गेलेत, कर्कशपणा शिल्लक आहे. त्याने मला एक भलंमोठं सॉफ्टवेअर दाखवलं. पडद्यावर इतकी बटणं, की त्यातून विमानही उडवता आलं असतं.

"यात सगळं होतं," तो म्हणाला.

"एका पायाने चालेल?"

"एका का?"

"दुसऱ्याने मी बाबागाडी हलवत असते."

रैमोने ते सॉफ्टवेअर बंद केलं. पोटाला बांधलेल्या तोउकोकडे तो आधीपासूनच फुटायला आलेल्या फटाक्याकडे बघावं तसा बघत होता. दुसरं सॉफ्टवेअर फुकट होतं. त्याचा पडदा आयकराच्या अर्जासारखा दिसायचा, आणि 'मदत' दाबलं की एकच ओळ यायची: हे उघडच आहे. तिसरं मात्र साधं होतं. चार करडी वर्तुळं, चार थरांसाठी. लाल झालं की ते ऐकून घेतंय, हिरवं झालं की वाजवतंय. तेच घेतलं.

घरी आल्यावर खरी झटापट. कॉम्प्युटर आवाज घोटाघोटाने पितो. मोठा घोट दिला तर माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो, शेजारच्या बाईने खिडकीतून वेडावल्यासारखा. लहान दिला तर त्याला ठसका लागतो आणि कानात नुसती चटचट. बाटलीने दूध पाजताना मी हेच शिकले होते, त्यामुळे मधला घोट चटकन सापडला. नंतर पाठ थोपटावी लागली नाही, एवढाच फरक.

पुढची अडचण पायाची. पोटाला मूल बांधलेल्या बाईला स्वतःचे पाय दिसत नाहीत. नेमक्या क्षणी पेडल दाबून रेकॉर्डिंग सुरू करणं म्हणजे अंधारात माशी मारणं. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'उंबरठा' होता. एकदा चाचपडत पेडल दाबून ठेवायचं, मग ते कान टवकारून बसतं. ठरवलेल्या उंबरठ्यापेक्षा मोठा आवाज आला की आपणहून टिपायला लागतं. पुन्हा दाबलं की आवर्तन पुरं, तिथून ते फिरत राहतं. तोउको झोपलेला असताना मी कुजबुजत सराव करायचे, म्हणून उंबरठा पार जमिनीला टेकवला होता.

मग तो रांगायला लागला, आणि एका दुपारी त्याने शेजारचं, रेकॉर्ड केलेलं पुसण्याचं पेडल चाटलं. सगळं गाणं गेलं. मी लगेच ते पेडल निकामी केलं, कॉम्प्युटरच्या कळाही कुलूपबंद केल्या. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावते, तसंच हे. कुलपाचा पासवर्ड होता तोउकोचं पूर्ण नाव आणि जन्माच्या वेळचं वजन, ग्रॅमसकट.

एक चूक माझीच उरली होती. आम्ही फिनलंडची माणसं कुठलंही काम सुरू करण्याआधी "नो नीन" म्हणतो. म्हणजे "हं, चला". उठताना म्हणतो, जेवताना म्हणतो, भांडण संपवताना म्हणतो, प्रेत उचलतानाही म्हणत असू. मी गायला तोंड उघडायचे आणि उंबरठ्यावरून आधी "नो नीन" आत शिरायचं.

"श्वास घे आणि गा ना सरळ," माझा नवरा इल्मो म्हणाला.

"तू सॉनाच्या वाफेत शिरताना न म्हणता शिरून दाखव."

त्याला जमलं नाही. मला जमलं, पण जीभ दातांखाली धरून. स्वतःचं तोंड आवरलं म्हणजे झालं, असं मला वाटलं.

निवडीच्या दिवशी हॉल भरला होता. आमचे श्रोते शांत बसतात, गाणं आवडलं तरी आणि आग लागली तरी. ऐनिक्की मध्यभागी होती. पहिल्या रांगेत, माझ्यापासून हातभर अंतरावर, हिल्का. तोउको बाहेर बर्फात, आमच्याकडे बाळांना झोपवतात तसा, बाबागाडीत गाढ झोपलेला, शेजारी इल्मो. खिडकीतून दोघेही दिसत होते.

मी पेडल दाबलं. सॉफ्टवेअरने कान टवकारले. जीभ दातांखाली, श्वास आत, आणि तेवढ्यात मला तोउकोची टोपी कानावरून सरकल्यासारखी वाटली. मी मान वाकडी करून बघायला लागले. इल्मो फोनमध्ये! कान उघडा आहे की सावली आहे? हॉल वाट बघतोय, मी खिडकीकडे बघतेय. सुनेला गाणंच आठवेना, असं हिल्काला वाटलं असावं. तिने मला ढकलण्यासाठी, अगदी मायेने, खणखणीत आवाजात म्हटलं, "नो नीन."

वर्तुळ लाल झालं.

मी घाबरून पेडल दाबलं, म्हणजे आवर्तन पुरं केलं. स्पीकरमधून हिल्का गरजली, "नो नीन." मागोमाग तिच्या खुर्चीचा करकर आवाज. पुन्हा "नो नीन." पुन्हा करकर. हिल्काने रागाने मागे वळून कोण ओरडतंय ते पाहिलं.

पुसण्याचं पेडल मेलेलं. कळांना कुलूप. आता वाकून मुलाचं जन्माचं वजन टाइप करायचं? तीन हजार चारशे किती? आवाज कमी करायचं बटण हॉलचे स्पीकर सांभाळणाऱ्या रैमोकडे, आणि रैमो भिंतीला टेकून हसता हसता डोळे पुसत होता.

ऐनिक्कीने चष्मा काढला. मला कळलं, आता थांबले तर संपलंच.

मी हिल्काच्या 'नीन'चाच षड्ज धरला. अंगाई म्हणून बसवलेलं गाणं खुर्चीच्या करकरीवर दुप्पट लयीत म्हटलं. दुसऱ्या वर्तुळात टाळी, तिसऱ्यात खालचा सूर, चौथ्यात नुसताच श्वास. दर फेरीला सासू गरजायची आणि मी तिला उत्तर द्यायचे, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाचा गुडघा हलला. आमच्याकडे याला धिंगाणा म्हणतात. मग कोणीतरी हसलं, आणि शेवटच्या फेऱ्यांना अख्खा हॉल हिल्काबरोबर "नो नीन" म्हणत होता.

"शनिवार तुझा," ऐनिक्की नंतर म्हणाली. "पण ती बाई पाहिजे."

"ती माझी सासू आहे."

"म्हणूनच."

हिल्का कोट घालत होती. "माझा आवाज असा आहे?"

"असाच आहे, मुम्मो."

"सर्दी होती मला. परत घे."

दुसऱ्या दिवशी ती केस सेट करून आली. फोटोला उभी राहावी तशी माइकसमोर उभी राहिली. एकदा पाद्र्यासारखं म्हटलं, एकदा बातम्या दिल्यासारखं, एकदा तर चक्क लाजून. एकही कामाचं नव्हतं.

"जरा नेहमीसारखं म्हण ना."

"नेहमीसारखंच म्हणतेय! तुझ्या यंत्राला कळत नाही."

मी पुन्हा पेडल दाबलं. तेवढ्यात तोउको रांगत आला आणि तिच्या पायाशी थांबला. त्याचा चेहरा लाल झाला, मग समाधानी झाला. वास माझ्यापर्यंत पोचला. हिल्काने वाकून त्याला उचललं, मागून हुंगलं आणि डोळे मिटले.

"नो नीन," ती म्हणाली.

वर्तुळ लाल झालं होतं. मी हळूच पेडल दाबलं.