इंजिन थोरल्याकडे, ट्रक धाकट्याकडे

सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर, अभय सरपोतदारच्या हॉलमध्ये, सोफा आणि टीव्ही यांच्या मधोमध आठ सिलिंडरचं एक इंजिन उभं होतं. ट्रकचं. ट्रक मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेमेंटीला, त्याचा धाकटा भाऊ निहार याच्या ताब्यात होता आणि त्याच्या बॉनेटखाली हवेशिवाय काहीही नव्हतं. अभयकडे पाहुणे यायचे, इंजिनाला वळसा घालून सोफ्यावर बसायचे आणि यंत्र दिसलं की मराठी माणसाला जो प्रश्न सुचतो तोच विचारायचे, "ॲव्हरेज किती देतं?"

"चौदा महिन्यांत पेट्रोलचा थेंब लागलेला नाही," अभय सांगायचा, आणि ते अगदी खरं होतं.

भाऊबंदकीला जमीन लागते अशी आपल्याकडे समजूत आहे. सिंगापुरात जमीन कुणाच्याच नशिबी नाही, तरी दोन भाऊ म्हटले की काही ना काही सापडतंच. या दोघांना ट्रक सापडला. पन्नाशीला टेकलेले दोन बँकवाले, दोघांनी मिळून पाचशे घोड्यांच्या ताकदीचा पिकअप ट्रक घेतला, आणि तोही अशा गावात, जिथे मालवाहू गाडीला साठ-सत्तरच्या पुढे जायची सोय नाही. म्हणजे साडेचारशे घोडे कायमचे उभ्यानंच झोपलेले. पण दर रविवारी दोघं चांगीपर्यंत चक्कर मारायचे, लाडू मिळाल्यासारखी तोंडं करून घरी यायचे, आणि त्यांच्या बायका सुलेखा आणि दीप्ती त्यांना हसायच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

मग अभयच्या डोक्यात सुपरचार्जर शिरला. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसून त्याच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंप. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात आणखी दोन जिलब्या टाकणारी आत्या असते ना, तिचंच काम. ट्रकला एक आत्या होतीच. अभयला तिच्या जागी थोरली आत्या आणायची होती.

"आवाजानं कान फुटतील," निहार म्हणाला. "आणि जायचंय कुठे?"

"जायचा प्रश्नच नाहीये."

इथवर बोलणं सुपरचार्जरवर होतं. पुढच्या दहा मिनिटांत ते लहानपणच्या सायकलवर गेलं, तिथून दोघांच्या लग्नांवर, आणि शेवटी अभय म्हणाला, "यापुढे तुझा माझा संबंध संपला." म्हणाला आणि त्याच क्षणी त्याला कळलं, हे बोलायला नको होतं. पण शब्द मागे घ्यायचा तर आधी तोंड उघडायला हवं, आणि आधी तोंड धाकट्यानं उघडायचं, ही सरपोतदारांची रीत. निहारचं म्हणणं, ज्याची चूक त्यानं आधी बोलावं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि त्याच जागी बसून राहिले.

वाटणीसाठी हौगांगहून यादवरावांना बोलावणं गेलं. यादवराव मुलाकडे राहायला आले होते. गावी असताना त्यांनी सरकारी मोजणीदार म्हणून आयुष्यभर बांध आणि विहिरी वाटल्या होत्या आणि इथे आल्यापासून वाटायला काही मिळालं नाही म्हणून ते खंगत चालले होते. त्यांनी टेप लावून ट्रक मोजला, चहा घेतला आणि निकाल दिला. इंजिन थोरल्याकडे, ट्रक धाकट्याकडे. किल्ली थोरल्याकडे, कुलूप धाकट्याकडे. हॉर्न आळीपाळीनं, एक महिना याचा, एक महिना त्याचा. त्याप्रमाणे दर एक तारखेला सुलेखा किंवा दीप्ती कापडी पिशवीत हॉर्न घालून एमआरटी मेट्रोनं या टोकाहून त्या टोकाला जायची. दोघींना तेवढीच भेटायला सबब.

आता इंजिन स्वतःचं एकट्याचं झाल्यावर अभयला अडवणारं कोण होतं? त्यानं थोरली आत्या मागवली. जुना सुपरचार्जर उतरवला, नवा चढवला, पुली बदलली, पट्टा बदलला, इंधनाच्या नळ्या बदलल्या. पाचशे घोड्यांचे सातशे झाले आणि सगळे गालिच्यावर उभे राहिले. शेवटचा बोल्ट आवळून अभयनं मान वर केली आणि सवयीनं म्हणाला, "बघ!" समोर सुलेखा मेथी निवडत होती. तिनं बघितलं, छान म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली. त्या दिवशी अभयला जेवण गेलं नाही.

महिन्याभरात दीप्तीचा सुलेखाला फोन आला. सिंगापुरात गाडीला दहा वर्षांचं आयुष्य लिहून मिळतं. ट्रकची दहा वर्षं येत्या शुक्रवारी भरत होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ट्रक स्वतःच्या इंजिनावर चालत तपासणी केंद्रात पोचला तर पुढची पाच वर्षं मिळणार, नाहीतर भंगार.

"निहार म्हणतोय, भंगारात गेला तरी चालेल," दीप्ती म्हणाली. "पण दोन रात्री झोपला नाहीये."

सुलेखानं हे नवऱ्याला सांगितलं. अभयनं इंजिनाकडे बघितलं. ट्रक गेला तर भावाशी बोलायला आयुष्यात दुसरं काही निमित्त उरणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. "त्याला म्हणावं, इंजिन आणतोय," तो म्हणाला. "पण मी म्हटलं असं सांगू नकोस."

बुधवारी इंजिन लिफ्टनं खाली उतरलं. लिफ्टमधल्या चिनी आजींनी भाजीची पिशवी छातीशी धरली आणि विचारलं, "वा, सो बिग, राइस कुकर आह?" अभय हो म्हणाला. इकडून इंजिन आणि तिकडून ओढून आणलेला ट्रक, दोघांची गाठ अंकल लिम यांच्या गॅरेजमध्ये पडली. दोन्ही भावांनी तीन दिवसांची रजा काढली होती.

पहिल्या दिवशी निरोप बायकांमार्फत चालले. "सुलेखा, त्याला सांग, इंजिनाची साखळी थोडी ढिली कर." "दीप्ती, त्यांना सांग, ऐकू आलं." दुसऱ्या दिवशी दोघी म्हणाल्या, आम्ही चाललो कॉफी प्यायला, आणि त्या परत आल्याच नाहीत. मग निरोप्याचं काम अंकल लिमकडे आलं.

"अंकल, टेल हिम टू होल्ड द पाइप," अभय म्हणाला.

"ही स्टँडिंग बिसाइड यू, लाह!" अंकल म्हणाले. "युअर ओन ब्रदर! यू टेल!"

अभयनं ऐकू न आल्यासारखं केलं. निहारनं पाइप मात्र धरला.

शुक्रवारी दुपारी इंजिन जागेवर बसलं, आणि बॉनेट लागेना. थोरली आत्या चार बोटं उंच होती. आता एकतर अभयनं जुना सुपरचार्जर बसवायचा, नाहीतर निहारनं बॉनेटला भोक पाडायचं. म्हणजे एकानं हरायचं. अंकलनी कपाळाला हात लावला. शेवटी यादवरावांना व्हिडिओ कॉल लागला. त्यांनी फोन वरून, खालून, बाजूनं फिरवायला लावला, आणि तासाभरानं निकाल दिला, "बॉनेटच्या वरचं आभाळ वाटणीत धरलेलं नव्हतं. ते सामाईक आहे. बॉनेटच काढून ठेवा."

बॉनेट काढून भिंतीला टेकवलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. केंद्र पंधरा मिनिटांवर. निहार ट्रकच्या नाकाशी उभा राहिला, अभयनं आत बसून किल्ली फिरवली.

आवाज असा झाला की गॅरेजचं शटर थडथडायला लागलं. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांचे अलार्म केकाटले. अंकल कॉफीचा मग घेऊन रस्त्यावर पळाले आणि तिथून हातवारे करत काहीतरी ओरडू लागले, आणि त्यातलं अवाक्षरही अभयला ऐकू आलं नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की या आवाजात कुणी काहीही बोललं तरी ते कुणालाही ऐकू जाणार नाही.

त्यानं तोंड उघडलं. "निहार," तो मोठ्यानं म्हणाला, "माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं. तुझ्याशिवाय मला करमत नाही रे. रविवार सकाळ खायला उठते." चौदा महिन्यांचं साचलेलं, सगळं भडाभडा बाहेर आलं. त्याचे डोळे भरले. समोर निहारचेही ओठ हलत होते; हात नाचवत, छातीवर आपटत, तो काहीतरी सांगत होता.

अभयनं इंजिन बंद केलं. कानात शिट्ट्या वाजत होत्या.

"काय म्हणालास?" निहारनं विचारलं.

"काही नाही. तू?"

"काही नाही."

निहारनं घड्याळाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा," तो म्हणाला, "परत चालू कर. माझं अजून राहिलंय."

अभयनं परत चालू केलं. मग बंद केलं, मग त्याचं स्वतःचं राहिलं होतं म्हणून पुन्हा चालू केलं. पाचला पाच मिनिटं कमी होती तेव्हा इंजिन चौथ्यांदा सुरू झालं, आणि निहार ट्रकच्या नाकापासून दारापर्यंत आला होता. खिडकीत दोन्ही कोपरं टेकवून, नाक पुसत तो बोलत होता. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. दोघांनीही ते पाहिलं. अभयनं किल्लीकडे हात नेला. निहारनं त्याचं मनगट धरलं, मानेनं नको म्हटलं आणि बोलतच राहिला.

अभयला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.