आबांचा पहिला फटका
दौंडच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागलेले गेणबा इंजिन ड्रायव्हर होऊन रिटायर झाले, आणि तेव्हापासून त्यांना घरात बसवेना. पहाटे ओट्यावर यायचे, स्टेशनात कुठली गाडी शिरली ते ऐकायचे, पुन्हा आत जायचे. विहारापाशी बरोबरीची माणसं गप्पा मारत बसत. तिथंही हे उभेच. त्यांच्या येरझाऱ्यांनी आपलंच डोकं गरगरतं, अशी त्यांच्या बायकोची, सारजाबाईंची, लेकीकडं तक्रार असायची.

त्यांना थोडा वेळ तरी एका जागी धरून ठेवायचा तो गोल्फ. रेल्वेच्या बंगल्यांमागच्या माळावर साहेबांच्या काळातलं मैदान होतं. गवत नावाला, भोकांभोवती तेल मारलेली वाळू. नोकरीतला एक जोडीदार ऑस्ट्रेलियाला जाताना आपल्या काठ्या गेणबांना देऊन गेला होता. त्यातली सगळ्यात लांब, पहिल्या फटक्याची काठी म्हणजे ड्रायव्हर. नेमकी तीच त्यांचं ऐकत नव्हती. मागच्या वर्षी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या सामन्यात सगळ्यांसमोर त्यांनी ती जोर लावून फिरवली आणि चेंडू जेमतेम घरंगळत गेला. कुणी हसलं नाही. तेच त्यांना लागलं.

त्यांची मुलगी चांगुणा शिरूरच्या एका शाळेत खेळ शिकवायची. थाळीफेकीत ती विद्यापीठापर्यंत गेली होती. अठ्ठ्याहत्तर सालचा सामना जवळ आला तशी ती दर रविवारी एसटीनं दौंडला येऊ लागली. गोल्फ तिला ठाऊक नव्हतं, पण जोर अंगात कुठून येतो हे ठाऊक होतं. दोष तिला लगेच दिसला. काठी चेंडूपाशी पोचायच्या आतच तिचे आबा मान वर करून पुढं बघत. मानेबरोबर खांदा उचलला जाई आणि काठी चेंडूला वरच्यावर घासून जाई.

तिनं शाळेतल्या मुलांना धरावं तसं बापाला धरलं. मान खाली ठेवा, कंबर वळवा, आणखी वळवा. आबांचं होतं तेही बिघडलं. काठी चेंडूला लागेनाच. एका रविवारी उन्हात तिचा आवाज चढला.

"आबा, खाली बघायला काय जातंय तुमचं?"

आबांनी काठी खाली टेकवली. "जन्म गेला माझा पुढं बघण्यात. रुळावरनं नजर हटली की जीव उडायचा. आता खाली बघ म्हणतीस."

आणि तिच्यासाठी न थांबता ते स्टेशनच्या दिशेनं चालू लागले.

संध्याकाळच्या एसटीत चांगुणाला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. शाळेतही ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलांवर ती उगाच चिडत होती. मग मैदानावर चुना टाकताना तिला आबांनीच कधीतरी सांगितलेलं आठवलं, आणि तिला रविवारपर्यंत दम धरवेना. अर्धी रजा टाकून ती दौंडला आली. आबा माळावर एकटेच होते.

"आबा, वळणावर तुमच्या बाजूनं सिग्नल दिसायचा न्हाई, तवा काय करायचात?"

"फायरमन बघायचा त्याच्या बाजूनं. 'क्लिअर' म्हणून वरडून सांगायचा."

"आन् तुमचा भरवसा असायचा?"

"असायलाच पायजे."

"मग चेंडू मी बघते. मी सांगेस्तवर मान उचलायची न्हाई."

 आबांनी जमिनीत रोवलेल्या छोट्या खुंटीवर चेंडू ठेवला. कंबरेचा आग्रह तिनं सोडला. विशीतल्या पोरांकडून मागावं ते ती साठीच्या माणसाकडून मागत होती, हे तिच्या ध्यानात आलं होतं. जेवढी काठी मागं जाईल तेवढीच जाऊ द्या, म्हणाली. पहिले काही फटके वायाच गेले. नंतर एकदा आवाज वेगळा आला, कोरडा आणि भरीव.

"क्लिअर," चांगुणा म्हणाली.

आबांनी मान उचलली तेव्हा चेंडू कुठंच दिसेना. बाभळींपाशी पडलाय असं ती म्हणाली, तरी ते स्वतः तिथवर जाऊन बघून आले.

सामन्याच्या दिवशी इन्स्टिट्यूटची मंडळी पहिल्या खुंटीभोवती उभी होती. आबा सारखे पाय बदलत होते, तळवे पँटला पुसत होते. काठ्यांची पिशवी चांगुणानं घेतली, म्हणून तिला जवळ उभं राहता आलं. आबांनी काठी फिरवली आणि मान तशीच खाली ठेवली.  रिकाम्या खुंटीकडं बघत ते वाकूनच उभे राहिले.

"क्लिअर, आबा."

चेंडू फार लांब गेला नव्हता, पण सरळ गेला होता. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या भोकाला त्यांना राहवलं नाही. मान उचलली गेली आणि चेंडू काट्यात शिरला. शेवटी त्यांचा नंबर खालूनच मोजावा लागला. घरी आल्यावर तो एक फटका कसा चुकला हे ते सारजाबाईंना उभ्यानं समजावत राहिले. ताटावरसुद्धा नीट बसले नाहीत. चांगुणा निघाली तेव्हा, रविवारी येतीस ना, म्हणून विचारलं. रविवारी शाळेच्या स्पर्धा आहेत, ती म्हणाली. ते ओट्यावर जाऊन उभे राहिले.

रविवारी सकाळी शिरूरच्या मैदानावर पोरं थाळी घेऊन रांगेत उभी होती. फाटकातून आबा आत आले. हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली लांब काठी. चांगुणानं घाईनं खुर्ची मागवली.

"बसा, आबा."

"तुझं चालू दे तू," ते म्हणाले, आणि पलीकडच्या बाजूला फटके मारायला मोकळी जागा कुठं आहे ते बघत चालत गेले.