हात ठेवला म्हणजे मी बंद होत नाही

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गहिवरावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर माफ करा. मला गहिवर येत नाही, संताप येतो. तो का येतो ते ऐका, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी वर्ध्याच्या एका मंडपवाल्याकडे आलो आणि वीस वर्षं राबलो. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांचे बसलेले घसे मी सांभाळून नेले. जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारली. निवडणुकीत तर रोज नव्या माणसाची थुंकी झेलली. एका वरातीत जीपवरून पडलो तेव्हा माझ्या जाळीला पोचा आला, तो अजून आहे. मग मंडपवाल्याने बिनवायरचे नवे माइक घेतले आणि मला देवळीच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या चर्चला देऊन टाकलं. गावाचं नाव सांगत नाही. राग एका माणसाचा, बदनामी अख्ख्या गावाची कशाला? मला देताना मंडपवाल्याने चर्चच्या लोकांकडून शाल पांघरून घेतली आणि फोटोही काढून घेतला. आपल्याला नको झालेली वस्तू देऊनसुद्धा मोठेपण मिळवता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

चर्चला लागून पत्र्याचा हॉल आहे. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी प्रेरणाताई मोठ्या माणसांना फुकट इंग्रजी शिकवतात. जात नाही, धर्म नाही, ज्याला यायचं त्याने यावं. किराणा दुकान चालवणारी अन्नपूर्णा यायची, पंचायतीतला कारकून योगेंद्र यायचा आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाई यायच्या. प्रत्येकाने माझ्यासमोर उभं राहून आपल्याकडे काय काय आहे ते इंग्रजीत सांगायचं, अशी ताईंची पद्धत.

वच्छलाबाईंचा आवाज तीन आठवडे फुटलाच नाही. नुसता श्वास माझ्या जाळीवर यायचा. मग एका शुक्रवारी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आय हॅव वन हाउस. आय हॅव टू गोट्स. आय हॅव टाइम." शेवटचं वाक्य त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी ते इतक्या खणखणीतपणे हॉलभर नेलं की त्या स्वतःच दचकल्या.

या वयात इंग्रजी कशाला, असं अन्नपूर्णाने एकदा त्यांना विचारलं. वच्छलाबाईंचा नवरा शेवटचे दहा दिवस मोठ्या दवाखान्यात होता. खाटेशी उभे राहून डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलायचे आणि या मधे उभ्या असायच्या. "माह्याच माणसाबद्दल बोलून राह्यलते, अन् मलेच कळे नाई," त्या म्हणाल्या. "आता माह्यासमोर कोणी माह्यंच बोलन, तं मले समजलं पायजे." त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा झालो.

आता मधुकरराव. चर्चच्या कमिटीचे सचिव. त्यांना उगाच वाईट म्हणणार नाही. हॉलवरचे पत्रे त्यांनी उन्हात उभं राहून घालून घेतले. नाताळची चांदणी दरवर्षी ते स्वतः शिडीवर चढून लावतात, गुडघे कुरकुरत असतानाही. पण माणसांच्या याद्या करायची त्यांना भारी हौस. नाताळात त्यांच्या याद्या दोन असतात, एक देणाऱ्यांची आणि एक घेणाऱ्यांची. एकदा एका यादीत पडलात की पडलात.

गेल्या नाताळासाठी ताईंनी आधीच वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी आपल्या हातची एखादी वस्तू करायची आणि कार्यक्रमात माइकवर इंग्रजी वाक्य म्हणून ती द्यायची. चिठ्ठ्यांत कमिटीच्या लोकांचीही नावं होती. वच्छलाबाईंना निघाले मधुकरराव. बाई दोन दिवस विचारात होत्या, मग जुन्या लुगड्यांची एक छोटी गोधडी शिवायला घेतली. सकाळच्या प्रार्थनेला बसताना गुडघ्यांवर घेता येईल एवढी. महिनाभर वर्ग सुटल्यावर त्या हॉलच्या पायरीवर उन्हात बसून टाके घालायच्या आणि टाक्यागणिक वाक्य घोकायच्या, "आय हॅव मेड धिस फॉर यू."

कार्यक्रम नाताळच्या आदल्या रविवारी होता. बेंगळुरूहून दोन पाहुणे आले होते. वाटायची ब्लँकेटं त्यांनीच आणली होती. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मधुकरराव इंग्रजीतून बोलत होते. कॅरल झाली, केक कापून झाला. मग त्यांनी घेणाऱ्यांची यादी उघडली आणि पहिलंच नाव पुकारलं, वच्छलाबाई.

बाईंना वाटलं, वर्गाची पाळी आली. त्या गोधडी छातीशी धरून पुढे आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. मधुकररावांनी त्यांच्या खांद्यावर ब्लँकेट टाकलं, फोटोवाल्याला खूण केली आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "धिस इज वच्छलाबाई. पुअर विडो. शी हॅज नथिंग."

मित्रांनो, मला हे शब्द गिळता आले नाहीत. माझ्या तोंडात जे घालाल ते मला मोठ्याने बाहेर टाकावंच लागतं, हेच माझं दुर्दैव. एरवी मी नको तेव्हा शिट्टी मारतो. त्या क्षणी मारायला हवी होती, पण नाही जमली. गरीब, विधवा, हिच्याकडे काहीच नाही. तिन्ही गोष्टी दोन्ही कर्ण्यांतून गेल्या.

आणि बाईंना त्या कळल्या. कळणारच. तिला काय समजतंय, असं धरून चाललेला माणूस तिला दोन वर्षं याच हॉलमध्ये शिकताना पाहत होता. पाहत होता म्हणजे नुसते डोळे उघडे होते.

वच्छलाबाईंनी खांद्यावरचं ब्लँकेट काढलं. घडी घालून टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडे झुकल्या. त्यांचा श्वास या वेळी जराही अडखळत नव्हता.

"नो सर," त्या म्हणाल्या. "आय हॅव."

मधुकररावांनी झटकन तळहाताने माझं तोंड दाबलं. पहिल्या रांगेतल्या प्रेरणाताईंकडे वळले आणि दातओठ खात म्हणाले, "या बायांले इंग्रजी शिकवाची काय गरज होती? कळत नव्हतं तेच बरं होतं."

माझं बटण माझ्या मानेवर आहे, तोंडावर नाही. हात ठेवला म्हणजे मी बंद होत नाही. त्यांचं वाक्य जरा घोगरं झालं, पण सगळ्यांना पोचलं. हॉलमध्ये पोचलं, अंगणात पोचलं, समोरच्या थांब्यावर एसटीची वाट पाहणाऱ्यांनीही माना वळवल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पाहुण्यांनी विचारलं, हे काय म्हणाले? प्रेरणाताईंनी शब्द न् शब्द इंग्रजी करून सांगितला. पाहुणे जमिनीकडे बघत राहिले.

वच्छलाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमची यादी चुकली, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी देणाऱ्याइत हावो. माह्यं नाव तिकडं वाचा. इंग्रजीतच वाचा, मले समजते."

मधुकररावांनी दुसरा कागद काढला. त्यावर ते नाव नव्हतंच, तरी त्यांनी ते वाचलं. आवाज इतका बारीक होता की सगळं काम मलाच करावं लागलं. मग बाईंनी महिनाभर घोकलेलं वाक्य एकही अक्षर न चुकवता म्हटलं आणि गोधडी पुढे केली. ती दोन्ही हातांनी घेताना मधुकररावांना कुठे बघावं ते कळेना. आयुष्यभर त्यांनी शेकडो हातांत वस्तू ठेवल्या होत्या. चारचौघांसमोर घेणं किती जड जातं, हे त्यांना तेव्हा कळलं असेल तर कळलं.

यादीतली पुढची नावं कुणी वाचली नाहीत. ब्लँकेटं टेबलावरच ठेवून दिली आणि ज्याला हवं त्याने न्यावं असं ताईंनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत एकही उरलं नाही. म्हणजे थंडी सगळ्यांनाच होती, पुकारून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली आणि एकमताने ठरलं की माइक खराब झाला आहे. मी! मला वायरीत गुंडाळून हॉलच्या कपाटात कोंडलं. जाळीला गंज चढतो आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी फळीच्या फटीतून वच्छलाबाईंचा आवाज येतो. ब्लँकेटवाल्या रविवारी काय झालं, ते त्या नव्या बायांना इंग्रजीत सांगत असतात, आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणायला हवं. म्हणतो. पण माझी काळजी एका फडक्याने आणि एका तारेने भागेल, माणसांची तशी भागत नाही. कुणाला काही देणार असाल, तर त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर, त्याला कळेल अशा भाषेत बोलून बघा. तसं बोलायची लाज वाटली, तर ती वस्तू घरीच राहू द्या.