मधोमध थांबलेला काटा

मित्रांनो, मला भेटायचे असेल तर एका सुताराच्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत यावे लागेल. तिथे फळ्यांच्या ढिगाशेजारी मळक्या पांढऱ्या रंगाची, उंच, चारही चाकांतली हवा उतरलेली एक गाडी उभी आहे. ती मी. मी एसयूव्ही आहे. हे सांगताना आता माझे मलाच हसू येते, कारण हल्ली माझ्या टपावर दोन मांजरी झोपतात आणि त्यापलीकडे माझा कोणाला काही उपयोग नाही. पण एके काळी मी रस्त्याने निघाले की छोट्या गाड्या मुकाट्याने बाजूला सरत. उंचीचा थोडा तोरा मला होता, कबूल करते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी हळूहळू पुढे जात होते. कोणी मला दारे लावली, कोणी काचा, कोणी खुर्च्या. सगळ्यात शेवटी एका बाईंनी स्टिअरिंगसमोरचा एक छोटा काटा तपासला. इंजिन थंड असले की काटा खाली, चालू लागले की मधोमध आणि फार तापले की वर लाल पट्टीत. "हा काटा म्हणजे हिची जीभ," त्या बाई आपल्या शेजारणीला म्हणाल्या. खरेच आहे ते. आम्हा गाड्यांना माणसांशी बोलता येत नाही. काय दुखते, काय खुपते ते काट्यांनी आणि दिव्यांनीच सांगायचे.

मला पहिल्यांदा घेतले ते गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी. फार करड्या शिस्तीच्या होत्या, पण माझ्यावर जीव होता. मी शेणातून गेले, चिखलातून गेले, एकदा तर मागच्या खुर्च्या काढून एक आजारी वासरूही आणले. त्याने माझ्या सीटच्या पट्ट्याचा तुकडा चावून खाल्ला, तरी मला राग आला नाही. बाई दर आठवड्याला बॉनेट उघडून पाणी बघत, तेल बघत आणि एका वहीत लिहून ठेवत. लोक म्हणत, "काय गाडी ठेवलीय हो तुम्ही!" हे ऐकले की मी आतून फुलून जायचे. अशी नऊ वर्षे गेली. मग बाईंचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी मला आपल्या पुतण्याला देऊन टाकले. जाताना बजावले, "पाणी बघत जा रे. हिला पाणी लागतं."

पुतण्याने पाणी बघितले नाही. त्याने माझ्या काट्यासमोर एक लोंबते खेळणे टांगले. एकदा चढावर रेडिएटरचे पाणी संपले. मी काटा लाल पट्टीत नेला, दिवा लावला, याहून जास्त मला काय करता येणार होते? खेळणे त्याच्यासमोर डोलत राहिले आणि हा गाणे म्हणत राहिला. त्या दिवशी माझ्या इंजिनाच्या डोक्याखालची एक पातळ पट्टी जळाली. मेकॅनिक तिला गॅस्केट म्हणतात. ती गेली की इंजिनातले पाणी नको तिथे शिरते. पुतण्याने कानाला खडा लावला, पण तो गाडी नीट ठेवण्यासाठी नव्हे. त्याने मला जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे नेऊन विकले.

या व्यापाऱ्याला आम्ही आवारातल्या गाड्या आपसांत गोडबोल्या म्हणायचो. बोलणे इतके मऊ की गंजलेल्या पत्र्यालाही वाटावे, आपण नवे आहोत. त्याने मला पॉलिश केले, खुर्च्यांना नवे कपडे घातले आणि डॉक्टरीणबाईंची वही रद्दीत टाकली. इंजिन मात्र दुरुस्त केले नाही. रेडिएटरमध्ये गळती थोपवणारी पावडर ओतली. मग एका मिस्त्रीला बोलावून माझ्या धोक्याच्या दिव्याची तार तोडली आणि काट्याची दुसरीकडेच जोडली. त्यानंतर किल्ली फिरवली की काटा सुरेख मधोमध येऊन उभा राही आणि काही झाले तरी तिथून हलत नसे. मित्रांनो, माझी जीभच त्यांनी बांधून टाकली. मी कितीही तापले तरी माझ्याच तोंडाने मी 'छान आहे' म्हणणार होते.

आणखी एक युक्ती त्याच्याकडे होती. थंड असताना मला सुरू केले की मी खोकायचे आणि मागून पांढरा धूर निघायचा. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास तो मला चालवून तापवून ठेवी आणि मग बंद करी. गिऱ्हाइकाने किल्ली फिरवली की मी कशी गुणी मुलीसारखी लगेच सुरू!

अशाच एका दिवशी ते तिघे आले. सुतार, त्याची बायको आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी. बायकोचे इस्त्रीचे दुकान होते. मुलीला ते बबडी म्हणत. बबडी चाकांच्या खुर्चीत होती. तिच्या पायांत जोर नव्हता, पण तोंडात भरपूर होता. आल्या आल्या ती म्हणाली, "बाबा, ही केवढी उंच आहे! हिच्यातून सगळ्यांच्या टकलावर बघता येईल."

त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. टेकडीवरच्या दवाखान्यात पायांचे मोठे डॉक्टर सहा महिन्यांतून एकदाच येत. पुढच्या महिन्यात बबडीचा नंबर होता. तिच्या पायांचे माप घेऊन कॅलिपर, म्हणजे पायांना आधार देणाऱ्या पट्ट्या, बनवायचे होते. ते घालून ती उभी राहू शकली असती. पण टेकडीवर जाणारी बस खुर्ची घेत नव्हती, ड्रायव्हर थांबतच नसे. म्हणून गाडी हवी होती आणि तीही खुर्ची मावेल अशी.

"नवीतली स्वस्त एसयूव्ही बघून आलो," सुतार गोडबोल्याला सांगत होता. "बाहेरून म्हशीएवढी आणि आत डबी. खुर्ची घातली की डिकी लागेना. ज्या मोठ्या गाडीत मावते तिचे हप्ते बबडीच्या लग्नापर्यंत चालतील."

"मी लग्न करणारच नाहीये," बबडी म्हणाली.

"मग तुझे हप्ते तूच भर."

सुताराने खिशातून टेप काढला. माझी डिकी मोजली, दाराची रुंदी मोजली, माझी सीट जमिनीपासून किती उंच ते मोजले. तो सुतासुताने मोजत होता आणि दर मापाला त्याचा चेहरा उजळत होता. मग त्याने बबडीला उचलून आत बसवले आणि चाकांची खुर्ची दुमडून डिकीत ठेवली. डिकी लागली! अगदी दोन सूत जागा उरवून लागली. "बघ, बघ! जशी हिच्यासाठीच बनवलीय," तो बायकोला म्हणाला. त्याचा आनंद बघून मीही हुरळले. आपल्या पोटात काय जळाले आहे ते क्षणभर मीच विसरले. त्याची लाज मला अजून वाटते.

बायको मात्र माझ्या पुढच्या बाजूला उभी होती. तिने सहज बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आयुष्यभर इस्त्री धरलेला हात तो. कापड किती तापले, किती वेळापूर्वी तापले, हे तिला डोळे मिटून कळत असे.

"अहो, ही गरम आहे," ती म्हणाली.

"उन्हात उभी आहे ना, वहिनी," गोडबोल्या मधाच्या आवाजात म्हणाला.

"उन्हात कुठे? इथे तर सावली आहे. आणि ही ऊब वरची नाही, आतून आलीय. आत्ताच कोणीतरी चालवलीय हिला."

माझा जीव तिच्या तळहाताखाली गोळा झाला. मला ओरडून सांगावेसे वाटले, बाई, तुम्ही बरोबर आहात, उद्या सकाळी या, मी थंड असताना या. पण मी काय करू शकत होते? मी नुसती उभी राहिले, गोडबोल्याने पॉलिश केलेली.

सुतार हसला. "तुझी इस्त्री घरी ठेवून यायची होतीस," तो म्हणाला. "मी इंच इंच मोजलीय गाडी. कुठे म्हणून फट नाही." मग त्याने किल्ली फिरवली. मी लगेच सुरू झाले. काटा मधोमध येऊन उभा राहिला. सपाट रस्त्यावर एक छोटी चक्कर झाली आणि व्यवहार ठरला. बायकोने फक्त हात पदराला पुसला.

पहिले काही आठवडे बरे गेले. जवळच्या जवळच जायचे असे. या दिवसांत सकाळचा माझा खोकला त्यांनी ऐकला होता, पण सुतार म्हणाला, "जुनी आहे, तिलाही सकाळी उठायचा कंटाळा येतो." बबडी मागच्या सीटवरून रस्त्यावरच्या लोकांची टकले मोजायची. उतरताना ती माझ्या दारावर थोपटायची. इतके लाड माझे डॉक्टरीणबाईंनीही केले नव्हते. मी ठरवले होते, काही झाले तरी या पोरीला टेकडीवर पोचवायचेच. जणू ठरवणे माझ्या हातात होते!

तो दिवस आला. नंबर अकरा वाजताचा होता. तिघेही नवे कपडे घालून निघाले. टेकडीचा रस्ता वळणावळणाचा आणि सलग चढाचा. तिसऱ्या वळणावर पावडरीचा थर सुटला आणि पाणी आत शिरू लागले. मी तापू लागले. सुताराची नजर दर मिनिटाला काट्याकडे जात होती. काटा मधोमध. मी आतून भाजत होते आणि काटा मधोमध. पुतण्याच्या वेळी काटा खरे बोलत होता तर कोणी बघत नव्हते. आता हा बिचारा डोळ्यांत तेल घालून बघत होता आणि काटा त्याला फसवत होता.

"कसला तरी वास येतोय," बायको म्हणाली. "थांबवा. मी म्हणते थांबवा!"

"अगं, काटा तर..." तो म्हणेपर्यंत बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. मी एक आचका दिला आणि बंद पडले.

रस्त्यावर सावली नव्हती. सुताराने बॉनेट उघडले, हात पोळून घेतला, पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतले, किल्ली फिरवली. मी हूं की चूं केले नाही. वरून दोन गाड्या उतरल्या, पण वर जाणारी एकही आली नाही. सव्वादहा झाले होते. सुताराने बबडीला पाठीवर घेतले आणि तो चढू लागला. बायको मागून रिकामी खुर्ची ढकलत निघाली. बबडी एकदा मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तिला रागावू नका हां." वळणामागे ते दिसेनासे झाले. मी तिथेच, तोंड उघडे टाकून, वाफ सोडत उभी.

दुपारी ते परत आले. पावणेबाराला ते दवाखान्याच्या दारात पोचले होते. नंबर पुढच्या माणसाला गेला होता आणि डॉक्टर एकच्या गाडीने निघून जाणार होते. खूप विनवण्या केल्या, पण यादी भरलेली होती. आता सहा महिन्यांनी. सुतार माझ्या चाकाशी रस्त्यावर बसला. हाताला फोड आला होता त्याकडे बघत बायकोला म्हणाला, "तू सांगितलं होतंस." ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या हाताला ओला रुमाल गुंडाळू लागली. तो ओक्साबोक्शी रडला. मित्रांनो, माझ्या उंचीचा, माझ्या पॉलिशचा, कशाचाच तोरा त्यानंतर माझ्यात उरला नाही.

मला ओढून दुकानामागे आणले. मेकॅनिकने इंजिन उघडून मान हलवली. दुरुस्ती सुताराच्या आवाक्याबाहेरची होती. गोडबोल्याने तर ओळखही दाखवली नाही. मेकॅनिक म्हणाला, "मी सांगू का? पुन्हा पावडर टाकतो, महिनाभर चालेल. काटा तर सेट केलेलाच आहे. तुम्हाला दिली तशी तुम्हीही देऊन टाका कोणाला तरी."

सुतार दोन दिवस हिशेब करत राहिला. दुसरी गाडी घ्यायची तर मला विकणे भाग होते आणि सहा महिने हां हां म्हणता जाणार होते. तिसऱ्या दिवशी तो मेकॅनिकला म्हणाला, "टाक पावडर." बायकोने त्याला अडवले नाही. तीही आईच होती.

एक जोडपे मला बघायला आले. बाईच्या कडेवर तान्हे मूल होते. सुताराने मला आधीच तापवून ठेवले होते. मी मुकाट सुरू झाले. काटा मधोमध. नवरा माझ्याभोवती फिरला, टायरवर बोटे आपटली, खूश झाला. बाई मागच्या सीटवर बसून बाळाला म्हणाली, "बघ, आता आपण मामाकडे जायचं." मला रडता आले असते तर मी रडले असते. पण माझ्या डोळ्यांत फक्त दिवे लागतात आणि तेही दुसऱ्याने लावले तर.

बबडी दुकानाच्या दारात खुर्चीत बसली होती. नवऱ्याने तिला सहज विचारले, "काय गं, गाडी चांगली आहे ना?"

बबडीने बापाकडे बघितले. सुतार मान खाली घालून उभा होता. मग सुतार म्हणाला, "नाही. इंजिन गेलंय हिचं. तो काटा खोटा आहे. बाळाला घेऊन चढावर जाऊ नका हिच्यातून."

ते जोडपे आधी गोंधळले, मग आभार मानून निघून गेले. सुताराने किल्ली काढली आणि तो रंधा मारायला बसला. माझ्यासाठी नंतर दुसरे कोणी आले नाही. आता सहा महिने सरत आले. पुढच्या आठवड्यात बबडीचा नंबर पुन्हा आहे. फळ्या आणणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारले आहे, तो बघतो म्हणाला आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला नाही तर सुतार पुन्हा पाठ पुढे करील आणि मी इथून बघत राहीन.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी घ्यायचे ठरले तर आईबाबांना सांगा, सकाळी लवकर आणि न कळवता जा. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागले तर परत फिरा. घेतल्यावर तिचे पाणी बघा, ती मागू शकत नाही. आणि कधी तुमच्याच दारात कोणी येऊन विचारले, "गाडी चांगली आहे ना?" तर गप्प बसू नका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.