उद्यापर्यंत झालेली असेल

आजीने चेनच्या अडकलेल्या रनरमध्ये पकडीचं टोक घातलं, बॅग दोन्ही गुडघ्यांत आवळून धरली आणि दातओठ खात म्हटलं, "झोरे रेपारे."

"काय दुरुस्त केलेलं असेल?" समोरच्या स्टुलावरून मोस्यूंनी विचारलं. "गिऱ्हाईक विचारेल ना, काय ते?"

"ला व्हालीज. बॅग. माझ्याकडे दुसरं काय असतं?"

मोस्यू वरच्या मजल्यावर राहायचे. एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती, आणि चार भाषांत 'खोली रिकामी नाही' असं गोड बोलून सांगायची त्यांची ख्याती होती. त्यातली फ्रेंच सगळ्यांत चांगली, म्हणून गल्लीने त्यांचं मोस्यू, म्हणजे फ्रेंच साहेब, करून टाकलं. निवृत्तीनंतर शिकवायला कोणी मिळत नव्हतं, तेवढ्यात खालच्या बॅगदुरुस्तीच्या दुकानातली आजी आपणहून गळाला लागली.

"हा काळ सोपा आहे," ते म्हणाले. "पुढे जाऊन उभं राहायचं आणि मागे वळून झालेल्या कामाकडे बघायचं. मदतीला दोन क्रियापदं आहेत, आव्हवार आणि एत्र. त्यातल्या एकाला भविष्यकाळात घालायचं आणि त्याच्या मागे क्रियापदाचं झालेलं रूप जोडायचं. येणं, जाणं, निघणं, पोहोचणं ही मंडळी एत्रकडे. बाकी बहुतेक गोतावळा आव्हवारकडे. आम्ही पाहुण्यांना रोज सांगायचो, तुम्ही जेवून याल तोवर आम्ही खोली आवरलेली असेल."

"आणि असायची?"

"ते नंतरचं."

दारातून एका बाईने डोकं आत घातलं. "माझी निळी बॅग उद्यापर्यंत झालेली असेल ना हो?"

"झालेली असेल," आजी म्हणाली. निळी बॅग फळीवर होती तशीच पडलेली होती, तिला अजून हातही लागला नव्हता.

बाई गेल्यावर मोस्यूंनी समाधानाने मान हलवली. "हा काळ तुमच्या तोंडातच बसलेला आहे. मी फक्त भाषा बदलून देतोय."

आजी हसली नाही. रनर निघाला होता, पण त्याचे ओठ फाकले होते आणि नवा बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

शिकायचं कारण तिने मोस्यूंना सांगितलं होतं ते असं, की लेक तिकडे दिली, जावई तिकडचा, नात तिकडे वाढतेय, चार शब्द यायला हवेत. हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे विहीणबाई. त्या लेकीच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायच्या. नातीला, टिकलीला, शाळेतून त्या आणायच्या, तिची वेणी त्या घालायच्या, तिचा पहिला दात पडला तोही त्यांच्या तळहातावर. टिकली त्यांना मामी म्हणायची. तिकडे आजीला मामीच म्हणतात, असं लेकीने समजावून सांगितलं होतं. पण लेकीला भाऊ नाही, तेव्हा टिकलीला मामी असायचं काही कारणच नव्हतं, आणि तरी एक होती. आजीच्या पोटात दुखायचं. हे तिला स्वतःला स्वच्छ माहीत होतं, आणि माहीत असून ते थांबत नव्हतं.

रविवारी फोन यायचा. पडद्यावर आधी टिकली दिसायची आणि तिच्या मागे विहीणबाईंचा स्वेटर, कारण टिकली बसलेली असायची त्यांच्या मांडीवर. लेक बाजूने डोकावून "आई, जेवलीस का?" एवढं विचारून स्वयंपाकघरात पळायची. मग टिकली शाळेचं दप्तर फोनसमोर धरायची आणि आवाज जाड करायची.

"बाई, माझी बॅग झाली का?"

"उद्या या," आजी म्हणायची.

"कालपण उद्याच म्हणालात!"

"मग काल कशाला आलात? मी तर उद्या बोलावलं होतं."

यावर टिकली असं काही खिदळायची की मांडीवरून घसरायला लागायची. दोन हात तिला पोटाशी धरून वर ओढून घ्यायचे. आजीची नजर त्या हातांवर जायची. नखं छान कापलेली, मनगटावर टिकलीचं रबरबँड अडकवलेलं. खेळ पाच मिनिटांचा. मग फोन बंद झाला की टिकली त्या हातांतच राहणार, पुढच्या रविवारपर्यंत. विहीणबाई खेळात मध्येच हसायच्या, नको तिथे हसायच्या, आणि आजीला वाटायचं, हसेनात का, त्यांना काय कमी आहे!

पुढच्या सुट्टीत सगळे इकडे येणार होते. ते येईपर्यंत काय काय झालेलं असेल, याचा हिशोब आजी बॅगांना टाके घालता घालता मनात करायची. टिकलीला आपली भाषा जड झालेली असेल. खेळाचा कंटाळा आलेला असेल. एकदा मोस्यूंनी स्वतःच्या मनाने एक वाक्य करायला सांगितलं, तेव्हा तिने मान वर न करता म्हटलं, "एल मोरा उब्लिये."

ती मला विसरलेली असेल.

मोस्यूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "रचना बरोबर आहे," ते म्हणाले. "पण वाक्य बरोबर नाही."

"ते नंतरचं," आजी म्हणाली.

तिने मग एक चांगलं वाक्य घोटून घोटून तयार केलं. तू येशील तोवर मी तुझी बॅग दुरुस्त केलेली असेल. मोस्यूंनी उच्चार तासून दिले. खेळच तो, पण त्यांच्या भाषेत. आता विहीणबाईंना कळू दे, आम्हीही काही कमी नाही.

त्या रविवारी टिकलीने दप्तर धरलं, जाड आवाजात विचारलं, आणि आजीने खुर्चीत सरळ बसून ते वाक्य म्हटलं. एकही अक्षर चुकलं नाही.

विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "ब्राव्हो! ब्राव्हो!" म्हणाल्या, आणखीही बरंच काही म्हणाल्या, आणि त्यातलं बहुतेक आजीला कळलं. किती सुंदर, कधी शिकलात, आता आपण बोलू शकू.

टिकलीने दप्तर खाली ठेवलं होतं. तिचा खालचा ओठ बाहेर आला होता.

"तू असं नको ना बोलू."

"का गं? मामीशी तर तू असंच बोलतेस."

"ती बोलते तसं. तू नाही."

एवढं बोलून ती मांडीवरून उतरली आणि पडद्याबाहेर गेली. खेळ झालाच नाही. आजीने पुढचे दोन दिवस गिऱ्हाइकांवर तोंड टाकलं, मोस्यूंना वर निरोप धाडला की कामं फार आहेत, आणि एका नव्याकोऱ्या बॅगेला उलटी चेन बसवली. ती मुकाट्याने उसवताना तिच्या मनात एकच येत होतं, की आता मला तिची भाषा बोलायचीही बंदी. सगळं विहीणबाईंच्या नावावर.

बुधवारी दुपारी फोन वाजला. वार रविवार नव्हता, त्यामुळे आजीने सुई तशीच बॅगेत खोचून फोन उचलला.

पडद्यावर विहीणबाई एकट्याच होत्या. मागे खिडकी, शेजारी रिकामी खुर्ची. सगळं ठीक आहे, त्यांनी आधी हात हलवून सांगितलं. टिकली शाळेत, तुमची लेक कामावर. आजीने त्यांचा चेहरा असा पूर्ण कधी पाहिलाच नव्हता. दर वेळी पुढे टिकलीचं डोकं असायचं. चेहरा दमलेला होता.

त्या सावकाश, सोपे शब्द निवडून बोलू लागल्या. ती घरी आली की बॅग घेऊन खेळते. एकटीच. दोन्ही आवाज स्वतःच काढते आणि स्वतःच हसते. मी म्हटलं, मला घे. तर म्हणते, तुला येत नाही. मी विचारते, काय बोलता तुम्ही? तर म्हणते, ते आजीचं आहे. तिच्या आईला विचारलं तर ती हसून म्हणते, काही नाही हो, नुसता पोरखेळ. विहीणबाईंनी ओठ दाबले. तुम्ही मला सांगाल का? बॅग घेऊन आल्यावर ती काय म्हणते? आणि तुम्ही काय म्हणता?

आजीला शब्दन् शब्द कळला. मोस्यू ऐकायला असते तर त्यांनी पेढे वाटले असते. उत्तरही येत होतं. बॅग, उद्या, काल, एवढेच तर शब्द, पहिल्या महिन्यातले. पाच मिनिटांत तिकडच्या आजीला खेळ आला असता, आणि संध्याकाळी टिकलीने दारातून आल्या आल्या त्यांच्यासमोर जाड आवाज काढला असता.

समोर विहीणबाई वाट पाहत होत्या. त्यांच्या मनगटावर ते रबरबँड होतं.

"झ न कोंप्रां पा," आजी म्हणाली. समजलं नाही.

विहीणबाईंनी मान हलवली, जरा पुढे सरकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आणखी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बोटांची दोन तोंडं केली, एक टिकलीचं, एक आजीचं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

आजीने तोंडभरून हसत मान नकारार्थी हलवली.

विहीणबाईंनी माफी मागितली. चूक माझीच, म्हणाल्या, मी फार भरभर बोलते. आजीने ती मागू दिली.