लडी धरायला माणूस लागतो

वहिनीनं पांघरुणाचा शेवटचा टाका बंद केला, धागा कापला आणि सुया टेबलावर ठेवल्या. त्यांचा आवाज घरभर गेला असावा, कारण दादानं लगेच वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं.

"झालं? मग आता माझा बिनबाह्यांचा स्वेटर."

तीन हिवाळे हे पांघरूण चाललं होतं, ताईच्या लेकीच्या पलंगासाठी. त्याआधी माझा स्वेटर, त्याआधी ताईच्याच नवऱ्याचे मोजे. घरातल्या प्रत्येकाच्या नावावर वहिनीचं काही ना काही जमा होतं. तिच्या अंगावर मात्र दुकानातून आणलेलं, कोपराला विरलेलं जॅकेट. पुढचं विणायचं ते स्वतःसाठी, असं तिनं या वेळी ठरवलं होतं. मला आधीच सांगून वर बजावलंही होतं, "तोंड उघडलंस तर तुझा स्वेटर उसवीन." मी विश्वासू माणूस आहे, शिवाय थंडी होती.

दादाला तिनं "बघू" म्हणून वाटेला लावलं. तो एका "बघू"वर वर्ष काढतो. खरी परीक्षा ताईची. आमची ही थोरली बहीण काही मागत नाही. ती गृहीत धरते.

संध्याकाळी ती पांघरूण न्यायला आली. घडी उलगडली, कडा तपासल्या, नाव ठेवायला काही सापडेना तेव्हा म्हणाली, "छान झालंय. आता मला एक लांब जॅकेट कर. घाई नाही, पुढच्या महिन्यात चालेल."

"आधी बसा तर ताई. आणि जरा हात पुढे करा."

वहिनीनं कपाटातून गडद निळ्या लोकरीची लडी काढली आणि ताईच्या दोन्ही मनगटांवर चढवली. एकानं हात पसरून लडी धरायची, दुसऱ्यानं धागा ओढत गुंडा करायचा. धरणाऱ्याला मग ना उठता येतं, ना हातवारे करता येतात. आणि हातवाऱ्यांशिवाय ताई म्हणजे निम्मी ताई.

"रंग मला आवडला हं," ताई खूश.

"मलाही. म्हणून तर माझ्यासाठी आणलाय."

"तुझ्यासाठी?" ताईचे हात खाली यायला लागले.

"हात वर, ताई, गुंता होईल. हो, माझ्यासाठी. जॅकेटच. गुडघ्यापर्यंत."

"अगं, पण मी आत्ताच म्हटलं ना..."

"ऐकलं की. तुमचं नंतर बघू." गुंडा फिरतच होता.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. दादा वर्तमानपत्रामागे गेला. "बघू"चा अर्थ त्याला बहुधा आज पहिल्यांदाच कळला.

धागा संपला तशी तिनं मनगटं चोळली. मला वाटलं, आता भडका उडणार. पण तिनं विचारलं, "पाठीचं माप कोणी घेतलं तुझं?"

"कुणीच नाही. आपलं आपल्याला कुठं घेता येतं?"

"वळ बघू."

ताईनं टेप लावला, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. आकडा पाहिला आणि तिचा चेहरा खुलला.

"अगं, अगदी माझंच माप! म्हणजे मलाही होईल."

"होईल की," वहिनी म्हणाली आणि पहिला टाका सुईवर घेतला. "मी घालायचं सोडलं की."